नाते आणि नाव

अनुवादित पुस्तकाच्या आतल्या पानावर एक ओळ असते : ‘मूळ भाषा – अमुक’. वाचक ती सहसा वाचत नाहीत. अनुवादकालाही ती लिहिताना फारसा विचार करावा लागत नाही. फ्रेंच असेल तर फ्रेंच, तमिळ असेल तर तमिळ. पण जगात अशा काही जागा आहेत, जिथे ही एक ओळ लिहिणे म्हणजे एका जुन्या वादात बाजू घेणे असते. क्रोएशियाच्या इस्त्रिया द्वीपकल्पातली दोन लहान गावे ही अशीच एक जागा. त्यांच्याविषयी मी गेली काही वर्षे वाचते आहे. वाचायला लागले ते भाषेच्या कुतूहलापोटी. पण वाचता वाचता जो प्रश्न समोर आला तो नीतीचा आहे. एखाद्याचे कोणाशी नाते आहे हे आपल्याला त्याच्यापेक्षा चांगले कळत असेल, तर तो कोण आहे हे सांगण्याचा हक्क आपल्याकडे येतो का?

आधी गावांविषयी. एड्रियाटिक समुद्राच्या वरच्या टोकाशी, किनाऱ्यालगत उच्का नावाचा सुमारे चौदाशे मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या उत्तरेकडच्या खडकाळ पठारावर झेयाने हे गाव आहे आणि दक्षिणेच्या पायथ्याशी शुश्न्येवित्सा व आसपासच्या काही वाड्या. झेयान्यात जेमतेम शंभर-दीडशे माणसे राहतात, शुश्न्येवित्सात त्याहून कमी. मेंढ्या, थोडी शेती, एके काळी कोळसा पाडून विकण्याचा धंदा. अशा गावांचा इतिहास पुस्तकांत फारसा येत नाही. पण इतिहास त्यांच्या अंगावरून पुष्कळ वेळा गेला. १९१० साली शुश्न्येवित्सात जन्मलेली आणि दीर्घायुषी ठरलेली एखादी बाई गावाची वेस न ओलांडता चार राज्यांत जगली असती : आधी ऑस्ट्रिया-हंगेरी, पहिल्या महायुद्धानंतर इटली, १९४७ च्या तहानंतर युगोस्लाव्हिया आणि १९९१ पासून क्रोएशिया. घर तेच, विहीर तीच. कागदावरचा देश मात्र बदलत गेला.

या गावांत क्रोएशियनसोबत आणखी एक भाषा बोलली जाते आणि ती आहे लॅटिनची लेक, रोमानियनची बहीण. तिच्या बोलणाऱ्यांचे पूर्वज मेंढपाळ होते. पंधराव्या शतकाच्या आसपास बाल्कनमधून सरकत सरकत ते इस्त्रियात आले असे मानले जाते. रोमानिया इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. इतक्या शतकांच्या दुराव्यानंतरही नाते लपत नाही. रोमानियनमध्ये ‘चांगले’ या अर्थी ‘बिने’, इथे ‘बिरे’. तिथे चंद्र ‘लुना’, इथे ‘लुरा’. दोन स्वरांमधला ‘न’ इथे ‘र’ झाला, आणि तोही एखाद-दुसऱ्या शब्दात नव्हे तर जुन्या शब्दसंपत्तीत नियमाने. असा नियम सापडला की भाषाशास्त्रज्ञाला नात्याचा पुरावा सापडतो. दुसरीकडे या भाषेने शेजाऱ्याकडूनही भरपूर घेतले आहे. क्रियापदाला उपसर्ग जोडून क्रिया पूर्ण झाली की चालू आहे हे दाखवण्याची स्लाव्ह भाषांची रीत तिने उचलली. मोठे आकडे क्रोएशियनमधून आले. युनेस्कोने ती गंभीर संकटातल्या भाषांत धरली आहे. गावांत ती बोलणारे आता फार तर दोन-तीनशे असतील आणि त्यांतले बहुतेक वयस्क. दुसऱ्या महायुद्धानंतर या गावांतली पुष्कळ माणसे परदेशी गेली. ती भाषा ऐकायला आज न्यूयॉर्कही तितकेच योग्य ठिकाण आहे.

अभ्यासक या भाषेला ‘इस्त्रो-रोमानियन’ म्हणतात. हे नाव अभ्यासकांनी घडवले. गावकरी काय म्हणतात? झेयान्यातले लोक आपल्या भाषेला ‘झेयान्स्की’ म्हणतात, म्हणजे झेयान्याची. शुश्न्येवित्साकडचे ‘व्लाश्की’ म्हणतात, म्हणजे व्लाखांची. दोन्ही मिळून असे एक घरचे नाव आज प्रचारात नाही. दोन्हीकडच्या बोलींत इतका फरक पडला आहे की डोंगरापलीकडचा माणूस भेटला की बोलणे क्रोएशियनमध्येच होते. राष्ट्रीयत्व विचारले तर बहुतेक जण स्वतःला क्रोएशियन किंवा इस्त्रियन म्हणवतात. काही जुनी माणसे इटालियनही. रोमानियन म्हणवणारे विरळा.

‘व्लाख’ या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मुळात तो जर्मानिक भाषांतला, ‘परका, आपली भाषा न बोलणारा’ अशा अर्थाचा. त्याच मुळापासून ब्रिटनमधल्या वेल्सचे आणि बेल्जियममधल्या वालोनियाचे नाव आले. स्लाव्ह भाषांनी तो लॅटिनवंशीय मेंढपाळांना लावला. आपल्याकडचा ‘म्लेच्छ’ हा शब्द याच जातीचा. ज्याचे बोलणे अस्पष्ट वाटते तो म्लेच्छ. शुश्न्येवित्साने परक्यांनी दिलेले हे ‘परका’ नाव आपल्या भाषेचे घरगुती नाव म्हणून वापरात घेतले. नावाचा उगम अपमानात असला तरी ते वापरणाऱ्याला अपमान वाटलाच पाहिजे असे नाही. मात्र त्याआधी दुसरे एक नाव होते. त्रिएस्ते शहराचा इतिहास लिहिणाऱ्या इरेनेओ देल्ला क्रोचे या धर्मगुरूने १६९८ मध्ये नोंदवून ठेवले आहे की हे लोक आपसात स्वतःला ‘रुमेरी’ म्हणवतात. ‘रोमन’चेच ते रूप, ‘न’चा ‘र’ झालेले. म्हणजे एके काळी ते नाव घरातलेही होते. ते पुढे विरून गेले.

आता बुखारेस्टकडून पाहू. रोमानियाने २००७ मध्ये देशाबाहेरच्या रोमानियनांसाठी एक कायदा केला. पुढे त्यात दुरुस्ती होऊन हे लोक कोणकोणत्या नावांनी ओळखले जातात याची यादीच आली : अरोमानियन, मोल्दोवन, व्लाख, इस्त्रो-रोमानियन आणि अशी वीसेक नावे, शिवाय अर्थाने त्यांच्याशी जोडलेली इतर सर्व शब्दरूपेही. मला ही यादी वाचताना दोन गोष्टी एकदम जाणवतात. एक म्हणजे तिच्यातली माया. तुम्ही स्वतःला काहीही म्हणा, दार उघडे आहे. शिष्यवृत्ती आहे, पुस्तके आहेत. विखुरलेल्या, गरीब, कोणी न विचारणाऱ्या गावांना असे कोणी म्हणणे ही लहान गोष्ट नाही. दुसरी म्हणजे तिच्यातली पकड. ‘इतर सर्व शब्दरूपे’ म्हटल्यावर बाहेर पडायला वाट उरत नाही. तुम्ही नवे नाव शोधून काढलेत तरी ते यादीत आधीच बसलेले असते.

या पकडीच्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तो असा : सत्य मतदानाने ठरत नाही. ‘बिने’ आणि ‘बिरे’ यांचे नाते कोणाला आवडो न आवडो, आहे. आणि नावे लोक स्वतः ठेवतात असे आपण म्हणतो, तेव्हा त्यामागे कोणाचा हात असतो ते विसरतो. मोल्दोवाचे उदाहरण घ्या. सोव्हिएत काळात तिथल्या रोमानियनला सिरिलिक लिपी दिली गेली आणि ती ‘मोल्दोवन’ नावाची वेगळी भाषा आहे असे शाळांतून शिकवले गेले. १९८९ मध्ये लॅटिन लिपी परत आली. १९९१ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेत भाषेला ‘रोमानियन’ म्हटले, १९९४ च्या संविधानाने तिला पुन्हा ‘मोल्दोवन’ केले, २०१३ मध्ये घटना न्यायालयाने घोषणेतला शब्द श्रेष्ठ ठरवला आणि २०२३ मध्ये संसदेने कायद्यांतून ‘रोमानियन’ हा शब्द रुजू केला. या साऱ्या काळात बाजारात भाजी घेणारी बाई एकच भाषा बोलत होती. तेव्हा ‘लोक म्हणतात तेच नाव खरे’ हे सूत्र दिसते तितके निरागस नाही. लोकांच्या तोंडी ते नाव कोणी घातले, हेही विचारावे लागते.

दुसरे उदाहरण सर्बियाचे, आणि अनुवादक म्हणून ते मला जास्त अस्वस्थ करते. सर्बियात रोमानियनभाषक दोन ठिकाणी राहतात. उत्तरेला वॉयवोदिना प्रांतात ते ‘रोमानियन’ म्हणून नोंदले जातात. तिथे रोमानियन ही सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे, शाळा आहेत. पूर्वेला तिमोक नदीच्या खोऱ्यात ते ‘व्लाख’ म्हणून नोंदले जातात. २०२२ च्या जनगणनेत रोमानियन २३ हजारांच्या पुढेमागे आणि व्लाख २१ हजारांच्या आसपास निघाले. दोन्ही आकडे आधीच्या जनगणनेपेक्षा घटलेले आहेत. गंमत अशी की तिमोकचा माणूस सर्बियन बोलताना स्वतःला ‘व्लाख’ म्हणतो आणि घरच्या भाषेत बोलताना ‘रुमन’ म्हणतो. मग त्याचे स्वतःचे नाव कोणते? प्रश्न ज्या भाषेत विचारला, उत्तर त्या भाषेतले मिळते. जनगणनेचा कारकून सर्बियनमध्ये विचारतो आणि ‘व्लाख’ लिहून घेतो. बुखारेस्टचा संशोधक रोमानियनमध्ये विचारतो आणि ‘रोमानियन’ लिहून घेतो. दोघेही खरेच लिहितात. २०१२ च्या सुरुवातीला सर्बियाला युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठी उमेदवार मानायचे की नाही हा निर्णय व्हायचा होता, तेव्हा रोमानियाने याच व्लाखांच्या हक्कांचा मुद्दा काढून तो काही काळ अडवून धरला. खेड्यातल्या माणसाचे घरातले नाव ब्रसेल्सच्या टेबलावरची सोंगटी झाले.

यावर कोणी म्हणेल की मग आतल्या माणसाचे ऐका. पण आतही एकच आवाज नसतो. शुश्न्येवित्साचा आंद्रेई ग्लाविना (१८८१–१९२५) हा गावचाच मुलगा. त्याचे शिक्षण रोमानियात झाले आणि आपण रोमानियन आहोत या विश्वासाने तो परतला. १९०५ मध्ये त्याने कॉन्स्टँटिन डिकुलेस्कू यांच्याबरोबर आपल्या लोकांसाठी एक पंचांगवजा पुस्तक काढले आणि त्याच्या नावात ‘रुमेरी’ हा जुना शब्द पुन्हा वापरला. १९२१ मध्ये त्याने गावात शाळा सुरू केली आणि तिला रोमन सम्राट ट्रेजनचे नाव दिले. त्या गावांच्या इतिहासात मुलांना घरच्या भाषेजवळची भाषा वर्गात ऐकू आली ती जवळजवळ या शाळेतच. १९२५ मध्ये ग्लाविना वारला आणि थोड्याच काळात शाळा इटालियन झाली. ग्लाविनाला बाहेरचा म्हणता येत नाही. पण त्याने हाक दिली म्हणून गाव त्या नावाने उठले, असेही झाले नाही.

तर मग? वस्तुस्थितीच्या बाजूने राहायचे की इच्छेच्या? मला वाटते, या वादात दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या आहेत. एक आहे नाते आणि दुसरे आहे आपलेपण. नाते ही सापडणारी गोष्ट आहे. ते पुराव्याने सिद्ध होते, ते कोणीही सांगू शकतो, आणि ज्याच्याविषयी सांगितले त्याची त्याला संमती लागत नाही. ‘शुश्न्येवित्साची भाषा रोमानियनची बहीण आहे’ हे वाक्य गावाने नाकारले तरी खोटे ठरत नाही. आपलेपण ही सापडणारी गोष्ट नव्हे. ती बांधून घ्यायची गोष्ट आहे. कोणाच्या सुतकात बसायचे, कोणाच्या लग्नात आहेर करायचा, कोणाच्या पराभवाने मान खाली घालायची, याचा तो करार असतो आणि करार दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. वंशावळ दाखवून कोणाला चुलत भाऊ ठरवता येते. त्याने घरी जेवायला यावे, हे वंशावळीने ठरत नाही.

हे म्हणताना मराठी वाचकाने आपण कोणत्या खुर्चीत बसलो आहोत तेही पाहावे. कोकणी ही मराठीची बोली आहे असे सिद्ध करणारे लेखन मराठीत पुष्कळ झाले. त्यातल्या ध्वनींच्या आणि प्रत्ययांच्या नोंदी खोट्या होत्या असे नव्हे. पण १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले आणि १९९२ मध्ये ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गेली, ती नात्याचा पुरावा खोटा ठरला म्हणून नव्हे. नात्याच्या पुराव्यावरून आपलेपण वसूल करता येत नाही, एवढेच त्यातून दिसले. या गोष्टीत आपण शुश्न्येवित्साच्या जागी नव्हतो. आपण बुखारेस्टच्या जागी होतो.

मोल्दोवाचा आक्षेप मात्र अजून उभा आहे. आपलेपणही शाळा, सत्ता आणि भीती यांनीच घडवलेले असेल तर? इस्त्रियात फॅसिस्ट राजवटीने आडनावे इटालियन करून घेतली. नंतरच्या शाळा क्रोएशियन झाल्या. शंभर वर्षे अशी गेल्यावर माणूस ‘मी क्रोएशियन’ म्हणतो, ते किती त्याचे? याला माझे उत्तर असे, की या कसोटीवर कोणाचेच नाव टिकणार नाही. ‘रोमानियन’ हे आजचे राष्ट्रीय नावही एकोणिसाव्या शतकात घडले : १८५९ मध्ये दोन संस्थाने एकत्र आली, त्याच सुमारास सिरिलिक सोडून लॅटिन लिपी स्वीकारली गेली, मग शब्दकोश, शाळा, सैन्य. शुद्ध, कोणाच्याही स्पर्शाविना उगवलेले नाव शोधू गेलो तर हाती काही लागायचे नाही. म्हणून नाव कसे घडले यापेक्षा ते बदलता येते का, हे विचारणे मला जास्त उपयोगाचे वाटते. उद्या शुश्न्येवित्सातल्या एखाद्या मुलीला वाटले की आपण रोमानियन, तर तिला त्याची किंमत मोजावी लागेल का? आणि परवा तसे वाटेनासे झाले, तर? दोन्ही वेळा तिचे काही अडणार नसेल, तर तिचे आजचे उत्तर तिचे आहे असे मानावे. सोव्हिएत मोल्दोवात हे शक्य नव्हते; म्हणून तिथल्या ‘आम्हीच म्हणतो’ला वजन कमी.

इथवर हिशेब नीट लागतो. पुढे लागत नाही. कारण मोठे नाव नाकारण्याची किंमत भाषा मोजते. ‘रोमानियन’ म्हटले की पाठीशी एक राज्य उभे राहते : पाठ्यपुस्तके, दूरदर्शन, विद्यापीठे, शिष्यवृत्त्या. क्रोएशियाच्या संविधानाच्या प्रास्ताविकात ज्या अल्पसंख्याकांची नावे आहेत त्यांत रोमानियन आहेत, व्लाखही आहेत. ‘झेयान्स्की’ म्हटले की पाठीशी एक डोंगर आणि शंभर घरे. दोन गावे, दोन नावे, दोन वेगवेगळे जिल्हे. एवढ्या भांडवलावर कोणती भाषा टिकते? स्वतःच्या नावाशी प्रामाणिक राहणे आणि स्वतःची भाषा वाचवणे या दोन गोष्टी इथे एकमेकींच्या आड येतात. मोठ्या नावाखाली गेले तर भाषा वाचेल असेही नाही, कारण मग शाळेत शिकवतील ती प्रमाण रोमानियन असेल. ‘बिरे’ म्हणणाऱ्या मुलाला ‘बिने’ म्हणायला शिकवतील. ग्लाविनाची शाळा टिकली असती तर कदाचित तेच झाले असते.

मग गावकऱ्यांवर भाषा टिकवण्याचे काही कर्तव्य आहे का? आपण, दूर बसून भाषांवर प्रेम करणारी माणसे, ‘आहे’ म्हणायला फार लवकर तयार होतो. याच टापूत, समोरच्या क्रक बेटावर, डाल्मेशियन ही दुसरी एक लॅटिनवंशीय भाषा संपली. ती जाणणारा अखेरचा माणूस तुओने उदाइना १८९८ मध्ये वारला. त्याआधीच्या वर्षी मात्तेओ बार्तोली हा भाषाशास्त्रज्ञ त्याच्याकडून शब्द, गोष्टी, आठवणी लिहून घेत होता. म्हातारा तोवर बहिरा झाला होता, तोंडात दात नव्हते आणि ती भाषा बोलायला वर्षानुवर्षे कोणी जोडीदार नव्हता. त्या नोंदींवाचून आज आपल्याला त्या भाषेचे फार थोडे कळले असते, म्हणून मी बार्तोलीची ऋणी आहे. पण त्या म्हाताऱ्याचे दुःख भाषेचा नमुना संपतो आहे हे नसणार. आपले बोलणे कळणारे आता कोणी नाही, हे असणार. भाषा वाचवायची ती या दुसऱ्या दुःखापोटी. आणि हे दुःख ज्या आईला आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ द्यायचे नाही, म्हणून ती त्याच्याशी क्रोएशियनमध्ये बोलते, तिला मी भाषेची वैरीण म्हणू शकत नाही. नोकरी, शाळा, मैत्री, प्रेम हे सारे ज्या भाषेत आहे ती भाषा ती त्याला देते आहे.

कर्तव्य असलेच तर ते आपल्यासारख्यांचे आहे आणि ते मला असे दिसते : मदत करायची असेल तर तिच्या दारात नाव विचारू नये. पुस्तक छापायचे, ध्वनिमुद्रण करायचे, मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवायचा. त्यासाठी कोणी आधी रोमानियन, व्लाख किंवा क्रोएशियन असल्याचे कबूल करण्याची गरज पडू नये. हे अशक्य नाही. क्रोएशियाच्या संस्कृती मंत्रालयाने २००७ मध्ये या बोलींना संरक्षित अमूर्त वारशात घेतले, ते बोलणाऱ्यांना राष्ट्रीयत्व न विचारता. भाषाशास्त्रज्ञ झ्वेझदाना वर्झिच यांच्या पुढाकाराने या भाषेचे जे जतनकार्य गावांत आणि न्यूयॉर्कमध्ये उभे राहिले, त्याच्या शीर्षकात ‘व्लाश्की’ आणि ‘झेयान्स्की’ ही दोन्ही घरगुती नावे शेजारी शेजारी आहेत. नात्याचा अभ्यास थांबलेला नाही. फक्त दारावरची पाटी घरच्यांनी लिहिलेली आहे.

अनुवादकाच्या ‘मूळ भाषा’ या ओळीवरही मी गावाने दिलेले नाव लिहीन आणि रोमानियनशी असलेले नाते प्रस्तावनेत सांगेन. ओळ आपलेपणाची आहे, प्रस्तावना नात्याची. याने भाषा वाचेल असा माझा दावा नाही. कदाचित पुढच्या पिढीत ‘बिरे’ हा शब्द फक्त ध्वनिफितींत उरेल आणि तेव्हा कोणी म्हणेल की नावाचे सोवळे पाळण्यापेक्षा तो मोठ्या घरात ठेवला असता तर बरे झाले असते. त्या म्हणण्यात तथ्य असेल. तरीही शेवटच्या बोलणाऱ्याला, तो जिवंत असताना, त्याला नको असलेल्या नावाने हाक मारून त्याची भाषा वाचवणे मला जमणार नाही. त्याला विचारावे, त्याने सांगितलेले नाव लिहून घ्यावे, आणि उद्या तो दुसरे काही म्हणाला तर खोडून ते लिहावे.